जटेखालचा कोंडा

डोक्यात कोंडा झाला म्हणून कुणी रडत बसत नाही. खाज सुटते, खांद्यावर पांढरा भुसा पडतो, चारचौघांत डोकं खाजवायची लाज वाटते, एवढंच. पण आमच्या घरात माझा कोंडा म्हणजे लपवायची गोष्ट होती. शेजारीण दारात दिसली की आई माझ्या डोक्याला फडकं गुंडाळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पोरीला ऊन बाधतं. दापोडीला रेल्वेलाइनीच्या कडेला आमची जी खोली होती तिच्यात भर दुपारी चिमणी लावावी लागायची. कसलं ऊन आणि कसलं काय.

आई का घाबरायची हे कळायला माझी आत्या कळली पाहिजे.

वडील मूळचे मिरजेच्या पलीकडचे. पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा ते गाव सोडून इकडे आले आणि एका कारखान्यात भट्टीवर लागले. त्यांच्या मागोमाग धाकटा भाऊही आला, पण त्याला कारखाना मानवला नाही. तो चाकणजवळ निघोज्याला सासऱ्याची शेती कसत राहिला. या दोघांच्या मधली बहीण म्हणजे आत्या. तिला लहानपणीच यल्लम्मेला सोडलेलं होतं. लग्न नाही, संसार नाही. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि काखेत देवीची परडी. मंगळवारी, शुक्रवारी जोगवा मागायचा आणि वर्षातले काही महिने आमच्याकडे, काही निघोज्याला काढायचे. आणि डोक्यावर जट. मानेपासून सुटलेली ती एकच जाड जट कमरेच्या खाली यायची, आणि बसताना आत्या ती उचलून मांडीवर घ्यायची, एखादं तान्हं घ्यावं तशी.

परडीचा एक नियम होता. ती कधी बेवारस ठेवायची नाही. जोगतीण थकली की घरातल्याच एखाद्या मुलीकडे ती सोपवायची. कुठल्या मुलीकडे, हे माणसांनी ठरवायचं नसतं. जिच्या डोक्यात जट येईल ती देवीची. आणि जट येण्याआधी डोक्यात कोंडा होतो, खाज सुटते, असं आमच्याकडच्या बायका ठामपणे सांगत. आत्याचं तसंच झालं होतं म्हणे.

त्यावर आत्याची एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि मोठ्याने कुणी बोलत नसे. तिला पहिल्यांदा जट आली तेव्हा माझ्या आजोबांनी ती कात्रीने कापून टाकली. त्याच साली वडिलांचा आणखी एक, पाठचा भाऊ तापाने गेला. आत्याला पुन्हा जट आली. मग आजोबा तिला स्वतःच देवीकडे घेऊन गेले. तेव्हापासून आमच्या घराण्यात जटेला कात्री लावणं म्हणजे कुणाच्या तरी जिवावर उठणं.

आत्या आमच्याकडे असली की तिचं डोकं बघायचं काम माझ्याकडे असे. हे काम मला आवडायचं, खरं सांगते. जटेखालची कातडी कधी धड वाळत नाही. ओल राहिली की कुबट वास येतो, आणि कोंडा भुशासारखा न पडता पापुद्र्यासारखा थरावर थर बसतो. बरं, फणी घालायची सोय नाही, आणि भसाभस पाणी ओतलं तर जट आतून दोन दोन दिवस ओली राहते. म्हणून आत्याची पद्धत ठरलेली. रिठे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी कुस्करून फेस काढायचा आणि फडक्याचं टोक त्यात बुडवून जटेच्या मुळाशी, बोटाएवढ्या जागेत टिपत टिपत फिरवायचं. खाज फार असली तर आंबट ताक. मग कडुनिंबाच्या उकळून गार केलेल्या पाण्याचा हात. मग ती उन्हात पालथी पडायची आणि मी जट पाठीवरून बाजूला काढून खाटेच्या दोरीवर पसरून ठेवायची. शेवटी निंबाच्या वाळक्या पाल्याची धुरी. तेल फक्त कातडीला, जटेला थेंबसुद्धा नाही, नाहीतर धूळ बसून ती कुजते. इतकं सगळं झालं की आत्या डोळे मिटून म्हणायची, "आता कुटं डोकं माजं वाटतंय."

एकदा तिला मी विचारलं होतं, जड होत नाही का गं. ती म्हणाली, "मान मोडती. पन सांगायचं कुनाला?"

मला कोंडा झाला तो एका पावसाळ्यात. केस वाळायचे नाहीत, चाळीत सगळीकडे ओल. आधी मागच्या बाजूला, मानेच्या वर, रुपयाएवढी जागा खाजायला लागली. आईने ती बघितली आणि तिचा चेहरा उतरला. लिंबू लावून झालं, मेथी वाटून झाली, ताक झालं. काही दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. फडकं बांधायला सुरुवात झाली ती तेव्हा. पण आत्या घरात असताना किती दिवस लपणार? रिठ्याचं पाणी मी तिच्यासाठी करत होते आणि अधूनमधून एक हात आपल्याही डोक्यात घालत होते. तिने ते बघितलं.

"हिकडं ये," म्हणाली. फडकं सोडून तिने माझ्या मानेवरचे केस बाजूला केले. बोटं गार होती. मला तिचा श्वास मानेवर लागत होता आणि का कोण जाणे, उठून पळावंसं वाटलं.

"वैनी," ती आईला म्हणाली, "पोरीच्या डोक्याला माजं तेल लावा. करंजाचं हाय, निंब उकळून केल्यालं. पन सांगते तसं करा. फनी अजिबात लावायची न्हाई, कातडी सोलती. धुवायचं न्हाई, नुसतं टिपायचं. वर घट्ट अंबाडा बांधायचा आनि मी परत येईपत्तुर सोडायचा न्हाई."

आई बिचारी आधीच गळून गेलेली. कोंडा लवकर गेला तर जट येणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात. आणि आत्याचं डोकं इतकी वर्षं याच उपायावर टिकलं होतं, हे तिने डोळ्यांनी बघितलेलं. तिने एका शब्दाने विचारलं नाही, की जट असलेल्या डोक्याचे नियम जट नसलेल्या डोक्याला कशाला? मलाही सुचलं नाही. आम्ही दोघींनी ते व्रतासारखं पाळलं. आत्या निघोज्याला गेली. आई रोज मानेवर तेल चोळायची, अंबाडा आवळायची आणि वरून फडकं बांधायची. फणी कोनाड्यात पडून राहिली.

दसऱ्याला आत्या परत आली. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता तिने मला पुढ्यात बसवलं आणि अंबाडा सोडला. केस खाली आलेच नाहीत. मागचा सगळा झुबका एका गोळ्यात अडकून मानेवर लोंबत राहिला. आत्याने तो तळहातावर घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आली."

वडील पाळीवरून येऊन नुकतेच हातपाय धुवत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरचे दिवस आजही आठवतात. मला कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. भीती वाटत होती ती त्याचीच. ज्या शेजारणी नळावर मला हाकलून द्यायच्या त्या हळदकुंकू घेऊन यायला लागल्या. माझ्या मानेवरच्या त्या गोळ्याला हळद लावायच्या आणि माझ्या, चौदा वर्षांच्या पोरीच्या, पाया पडायच्या. मैत्रिणी खेळायला बोलवेनाशा झाल्या. जे वडील कधी एक शब्द गोड बोलायचे नाहीत, ते कारखान्यातून येताना माझ्यासाठी रेवड्या आणायला लागले. रेवडी हातात दिली की लगेच बाहेर जायचे. जत्रेतल्या बोकडाला खाऊ घालतात ते मी पाहिलं होतं. मला सगळं कळत होतं.

आत्याने सांगितलं, माघी पौर्णिमेला देवीकडे न्यायचं. तिथे पोरीला निंब नेसवतात, अंगभर कडुनिंबाचे डहाळे बांधतात, आणि मग गळ्यात देवीचे मणी. त्यानंतर ती कुणाची बायको होत नाही. वडिलांनी मान हलवली. "देवीचं असंल तर आपन कोन?" एवढंच ते म्हणाले. आत्या पुन्हा निघोज्याला गेली आणि जाताना तेलाची बाटली ठेवून गेली. तेल मात्र सोडू नका, म्हणाली.

आईने ते सोडलंही नसतं. पण बाटली संपत आली होती, म्हणून एका दुपारी तिने ती वाटीत उपडी केली. तेल गळून गेल्यावर तळातून काहीतरी पांढरट, दाट, सावकाश खाली आलं. आईने ते दोन बोटांत धरून चोळलं. बोटं एकमेकांना चिकटली, सुटेनात. तिने वास घेतला. "वडाचा चीक," ती म्हणाली.

मी विचारलं, "आत्यानं मुद्दाम घातला?"

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "त्यांच्या डोक्याला बी हेच तेल आसंल. न्हाईतर नसंल बी." मग तिने कोनाड्यातून फणी काढली, पोती शिवायचं दाभण काढलं, दार लोटलं आणि मला पालथं झोपवलं.

आईचा विचार साधा होता आणि तिने तो मला पहिल्याच दिवशी कानात सांगितला. कापायची मनाई आहे. सोडवायची मनाई कुणी केलेली नाही. देवीला ठेवायची असेल तर ती सुटू देणार नाही. आणि सुटली, तर देवीनेच सोडली. यात चूक काय आहे ते आजही मला कुणी दाखवून द्यावं.

चाळीतल्या बायका धुणी घेऊन नदीवर गेल्या की आमचं काम चालायचं. गोळ्याच्या टोकाला कोमट खोबरेल मुरवायचं आणि दाभणाच्या टोकाने दोन-चार केस ओढून वेगळे करायचे. मुळाकडून सुरुवात केली तर गाठ आणखी आवळते, म्हणून टोकाकडून वर. चीक जिथे घट्ट बसला होता तिथे ती तेल लावून बोटांनी चोळत बसायची, तास तास. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. ओरडायची सोय नव्हती. तोंडात मी फडक्याचा बोळा धरायची. जे केस तुटून यायचे ते आई फेकत नसे. जे मुळासकट निघत ते एका कापडात जपून ठेवायची, कात्री लागलेली नाही याची साक्ष म्हणून. काम झालं की पुन्हा अंबाडा, पुन्हा फडकं, आणि वरून हळद. वडिलांना पत्ता नव्हता.

गोळा निम्मा सुटला असेल, आणि वडिलांना ताप भरला. साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते बरळायला लागले, आणि बरळताना त्या मेलेल्या भावाला हाका मारत होते. आई त्यांच्या उशाशी बसली होती, हातात ओली पट्टी. तिने माझ्याकडे बघितलं. दोघींच्याही मनात एकच होतं. तिने पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली.

मी म्हटलं, "आई, राहू दे. मी जाते देवीकडं."

दुपारी बायका नदीवर गेल्या. आई उठली, दाभण घेतलं आणि मला वडिलांच्या खाटेशेजारीच झोपवलं. एक हात त्यांच्या छातीवर आणि एक माझ्या डोक्यात. त्या दुपारइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. वडिलांचा श्वास जरा अडकला की दाभण थांबायचं. श्वास पुन्हा चालू झाला की दाभण चालू. मध्येच त्यांनी डोळे उघडले. त्यांनी सगळं बघितलं, दाभण, तेल, माझे मोकळे होत आलेले केस. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

ताप उतरला. वडील अशक्त झाले होते, पण उठून बसायला लागले. केस सगळे सुटले. आईने रिठ्याने माझं डोकं धुतलं, खाली कोंड्याचा एक जाड पापुद्रा निघाला आणि त्याच्या खालची कातडी गुलाबी होती.

पौर्णिमा जवळ आली तशी आत्या आली. नवं हिरवं लुगडं आणि मण्यांची माळ घेऊन आली. वडील खाटेवर होते. आईने तिला पाणी दिलं आणि मला पुढे केलं, फडक्याशिवाय. आत्याने माझ्या केसांत बोटं घातली. ती वरपासून खालपर्यंत सरळ निघून आली. तिने पुन्हा घातली.

आईने कापडाची पुरचुंडी सोडून तिच्यासमोर ठेवली. "कापली न्हाई, वन्सं. बगा, मुळासकट हाईत. ठेवायची आसती तर तिनं सुटू दिली नसती."

आत्याच्या अंगात येणार, ती घुमायला लागणार, आम्हाला शाप देणार, असं मला वाटलं. मी वडिलांच्या खाटेला टेकून उभी राहिले. आत्याने पुरचुंडीतले केस उजेडाकडे धरून बघितले. मग डोक्यावरचा पदर खाली टाकला, आईकडे पाठ केली आणि आपली जट उचलून आईच्या हातात दिली.

"वैनी, माजी सोडवा."

हे आम्हाला कुणालाच सुचलेलं नव्हतं. आई ती जट चाचपत राहिली, खालून वर, वरून खाली. दाभणाचं टोक तिने एका जागी खुपसून बघितलं. ते आत गेलंच नाही.

"ही न्हाई सुटायची," ती म्हणाली. "आतले केस कवाच मेलेत. कापावीच लागंल."

"मग कापा."

आईचे हात मागे आले. तिने वडिलांकडे बघितलं. ते डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. मला कळत होतं.

"ह्यांचा ताप आत्ता कुटं उतरलाय," आई म्हणाली. "माज्यानं न्हाई व्हायचं, वन्सं."

"पोरीसाटी झालं की."

"ती सोडवली. कापली न्हाई."

आत्याने जट पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाली, "धुवा तरी. लई खाजतंय."

आम्ही दोघींनी तिचं डोकं धुतलं. मी जट उचलून धरली, आई रिठ्याच्या फेसाने मुळाशी टिपत गेली. आईने त्या दिवशी हात राखून काम केलं नाही. ताक, निंबाचं पाणी, धुरी, सगळं केलं. आत्याला बरं वाटलं असावं. केस वाळत असताना, डोळे मिटूनच, ती सहज बोलल्यासारखं बोलली.

"परडी तर कुनाच्या तरी काखेत द्यावीच लागंल. निघोज्याला धाकट्याच्या थोरल्या पोरीच्या डोक्यात बी कोंडा झालाय. मागल्या खेपेला बगितला मी."

आई शिळ्या भाकरीचा तुकडा मोडत होती. तिचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या निघोज्याला गेली. लुगडं आणि माळ बरोबर घेऊन. ती वळणावर दिसेनाशी झाली तसं मी आईला म्हटलं, बाबांना सांगून चुलत्याला निरोप धाड. तेलाचं सांग, फणी लावायला सांग. तिने मला खाली बसवलं आणि माझ्या केसांत फणी घातली.

"वन्सं तिकडनं माघारी फिरल्या तर कुटं येतील?" ती म्हणाली. "आपल्याकडंच."

वडील खाटेवरून ऐकत होते. त्यांनीही निरोप धाडला नाही.

पावसाळा सरता सरता निघोज्याहून निरोप आला, थोरलीला जट आली. ती माझ्याहून लहान होती आणि तिला आट्यापाट्यात कुणी धरू शकत नसे. तिला पुढच्या माघात नेलं. त्या दिवशी संध्याकाळी आईने माझी वेणी घातली ती इतकी घट्ट की माझी कानशिलं दुखायला लागली. मी तिला सोड म्हटलं नाही. आईचा राग आला होता, आजही आहे, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी. माझं लग्न झालं, लेकरं झाली, माझ्या डोक्यातून फणी सरळ जाते. हे सगळं तिने मला दिलं, आणि ते कुणाकडून घेतलं हे तिला आणि मला दोघींना माहीत होतं.